पडलेल्या केळीची दिशा

१४ मार्च २०२३ रोजी राज्य सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले आणि दुसऱ्याच दिवसापासून उत्तर महाराष्ट्रावर अवकाळीची दुसरी फेरी सुरू झाली. पहिली फेरी ऐन होळीत येऊन गेली होती. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शेतांवर गारांचा पांढरा थर साचला, गहू आडवा झाला, कांदा चिखलात बसला. त्या नुकसानीचे पंचनामे पुरते उरकले नव्हते, तोवर त्यावर नवं नुकसान येऊन पडलं, आणि पंचनामा करायचा तो तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघेही संपात. संप २० तारखेला मिटला. मधल्या दिवसांत शेतकऱ्यापुढचा पेच सोपा होता आणि क्रूर होता. पीक उचलून रान मोकळं करावं तर पुरावा जातो, तसंच ठेवावं तर पुढचा हंगाम जातो.

खान्देशातल्या वादळांचा आढावा घ्यायला बसलं की हीच अडचण वेगळ्या रूपात समोर येते. किती हेक्टर गेलं, किती घरांचे पत्रे उडाले, किती जनावरं दगावली, हे कागदोपत्री सापडतं. वारा किती वेगाचा होता, कुठल्या अंगानं आला, किती रुंदीच्या पट्ट्यातून गेला, किती मिनिटं टिकला, हे बहुतेक वेळा सापडत नाही. पुराचं तसं नाही. १८७२ साली पांझरा आणि गिरणेला आलेल्या पुराची हकिगत जुन्या गॅझेटियरमध्ये वाचायला मिळते. पाणी भिंतीवर खूण ठेवून जातं, ती मोजता येते. वारा जातो आणि मागे फक्त पडझड राहते. मग आपण पडझडीच्या आकड्यालाच वादळाचा आकडा समजतो. ज्या गावात केळी जास्त, तिथलं वादळ मोठं. ज्या गावात नुसती पडीक जमीन, तिथून तेवढाच वारा गेला तरी तो कुणाच्या खिजगणतीत नाही.

या प्रदेशात वादळांचे दोन हंगाम आहेत आणि दोन्ही एकाच ‘अवकाळी’ शब्दाखाली ढकलले जातात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत गारांचा, आणि एप्रिलअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत वाऱ्याचा. सीमारेषा काटेकोर नाही, मात्र फरक खरा आहे आणि त्याचं कारण हवेच्या थरांत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडचे पश्चिमी झंझावात अजून जोरात असतात. त्यांच्यामागे वरच्या थरातली थंड हवा कधी कधी थेट मध्य भारतापर्यंत उतरते. शून्य अंशाची पातळी तेव्हा खाली असते, म्हणून ढगात तयार झालेली गार जमिनीवर येईपर्यंत पुरती वितळत नाही. मे महिन्यात ही पातळी पाच किलोमीटरच्या आसपास चढते आणि खाली हवा तापलेली असते. तेव्हा गार ढगात तयार झाली तरी वाटेतच तिचं पाणी होतं.

पण त्याच तापलेल्या हवेत दुसरा धोका दडलेला असतो. भुसावळ-जळगावला पारा ४३-४४ अंशांवर जातो, हवा कोरडी असते, त्यामुळे ढगाचा तळ तीन-साडेतीन किलोमीटर उंचीवर बसतो. त्या तळातून निघालेला पाऊस खाली येताना कोरड्या हवेत विरत जातो. बाष्प व्हायला उष्णता लागते, ती आसपासच्या हवेतून ओढली जाते, हवा थंड आणि जड होते आणि खाली कोसळते. जमिनीवर आपटून ती चहूकडे फाकते. हाच डाउनबर्स्ट. पाऊस चार थेंब पडतो, धुळीची भिंत उठते, पाच-दहा मिनिटांत खेळ आटोपतो. तेवढ्यात रावेर-यावल पट्ट्यात वर्षभराची केळी झोपलेली असते. ‘पाऊस तर आलाच नाही, नुसत्या वाऱ्यानं नेलं’ ही तक्रार दरवर्षी ऐकू येते आणि हवामानशास्त्राच्या दृष्टीनं ती अगदी नेमकी असते.

एकाच दिवशी येऊन न जाता ही वादळं तीन-तीन, चार-चार दिवस का रेंगाळतात, तेही पाहिलं पाहिजे. वरच्या थरातला हवेच्या कमी दाबाचा पट्टा एका जागी अडकला, अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून दमट वारं येत राहिलं, की रोज दुपारी जमीन तापते आणि रोज तीन-चारच्या सुमारास नवे ढग उभे राहतात. आदल्या दिवशीच्या वादळानं पसरवलेल्या थंड हवेची कड दुसऱ्या दिवशीच्या ढगाला कधी कधी उचलून धरते. तापीचं खोरं पश्चिमेला समुद्राकडे उघडं, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. दमट हवेला आत शिरायला वाट आणि वर चढायला उतार, दोन्ही इथे आहेत. शेताच्या दृष्टीनं पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाचा वारा सारखा नसतो. पहिल्या दिवशी माती कोरडी असते, तेव्हा केळीचं खोड मधूनच मोडतं. दोन दिवसांच्या पावसानं जमीन फुगली की तेवढाच वारा झाड मुळासकट उपटतो. पंचनाम्यात मोडलेलं आणि उपटलेलं झाड एकाच रकान्यात जातं.

लांबलेल्या फेऱ्यांमध्ये आपल्या पिढीनं पाहिलेली सगळ्यात मोठी २०१४ची. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या २८ जिल्ह्यांत गारा पडत राहिल्या. तेव्हा जिल्हे ३५ होते, म्हणजे पाचातले चार. गहू, हरभरा, ज्वारी काढणीला आलेली, द्राक्षं आणि डाळिंब बागेत. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिनं या फेरीवर आणि गारपिटीनंतर पीक कसं सावरावं यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. ती आजही उपयोगी आहे. कारण म्हणून अभ्यासकांनी बोट ठेवलं ते नेहमीपेक्षा दक्षिणेकडे सरकलेल्या जेट प्रवाहावर आणि त्याच वेळी आत आलेल्या दमट वाऱ्यांवर. योगायोग असा की ५ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली आणि गारपीटग्रस्तांच्या मदतीचा प्रश्न निवडणूक आयोगाच्या दारात गेला. पुढच्याच वर्षी, २०१५च्या वसंतात, उत्तर आणि मध्य भारतात पुन्हा अवकाळीनं थैमान घातलं. तेव्हा केंद्रानं मदतीसाठी लागणारी नुकसानीची किमान मर्यादा ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली. त्या अर्थानं हा बदल वादळांनीच घडवून आणला.

२०२३ साल तर या विषयाचं एक वर्षभर चाललेलं प्रात्यक्षिकच होतं. मार्चमध्ये दोन फेऱ्या झाल्या. एप्रिलमध्ये पुन्हा, ९ तारखेला अकोला जिल्ह्यात पारस इथे मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर वादळात झाड कोसळून सात माणसं गेली. मग २६-२७ नोव्हेंबरला, म्हणजे ज्या महिन्यात गारांची कुणी अपेक्षाच करत नाही अशा वेळी, नाशिकपासून खान्देशापर्यंत गारपीट. पारसची घटना लक्षात ठेवावी अशी आहे. वादळात माणूस वाऱ्यानं मरत नाही. झाडानं, पत्र्यानं, पत्र्यावर ठेवलेल्या दगडानं, तुटलेल्या तारेनं आणि विजेनं मरतो. खान्देशातली जुनी धाब्याची घरं वाऱ्यापुढे हटत नसत. माती-लाकडाचं ते जड छप्पर उचलायला वाऱ्याला जोरच पुरायचा नाही. पाऊस दिवसेंदिवस लागून राहिला तर तीच घरं गळायची, खचायची, म्हणून लोकांनी पत्रे घातले आणि पावसाच्या भीतीतून सुटून वाऱ्याच्या तडाख्यात आले. यात लोकांची चूक नाही. पण पत्रा खाली बांधायचा कसा, हे सांगणारी यंत्रणा घरकुलाच्या हप्त्यांबरोबर गावात पोचली नाही.

आता टॉर्नेडोचा प्रश्न. मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे कुठेही धुळीचा खांब दिसला की ‘टॉर्नेडो आला’ अशी बातमी होते. उन्हाळ्यात नांगरलेल्या रानात उठणारी वावटळ टॉर्नेडो नव्हे. ती निरभ्र आकाशाखाली, तापलेल्या जमिनीतून वर उठते. टॉर्नेडो ढगाला लटकलेला असतो आणि त्याची फिरकी ढगातल्या वाऱ्यांच्या फरकातून येते. त्यासाठी जमिनीलगत भरपूर दमटपणा, खाली असलेला ढगाचा तळ आणि उंचीगणिक झपाट्यानं बदलणारा वारा लागतो. अमेरिकेच्या मैदानात हे तिन्ही जुळतात. तिथे २५ ते २८ एप्रिल २०११ या चार दिवसांत साडेतीनशेहून अधिक टॉर्नेडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसं मेली. आपल्याकडे बंगालच्या खोऱ्यात ते जुळतात: २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात माणिकगंज भागात एका टॉर्नेडोनं सुमारे १,३०० बळी घेतले, जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत तो आजवरचा उच्चांक आहे. गारपिटीच्या बळींचा उच्चांकही भारतीय उपखंडाचाच, ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादजवळ २४६. पंजाबात मार्च २०२३मध्ये फाजिल्का जिल्ह्यातल्या एका गावाला टॉर्नेडोचा तडाखा बसला, तर ३१ मार्च २०२४ला पश्चिम बंगालमध्ये जलपायगुडी-मयनागुडी भागाला.

खान्देशात मे महिन्यात ढगाचा तळ इतका उंच असतो की टॉर्नेडोला ही जमीन मानवत नाही. शक्यता असलीच तर ती गारांच्या हंगामात, जेट प्रवाह दक्षिणेकडे सरकलेला असताना, आणि तीही थोडी. माझं मत असं की रावेर-मुक्ताईनगर-चोपड्याकडे ज्याला लोक ‘चक्रीवादळ’ म्हणतात तो बहुतेक वेळा सरळ रेषेत धावणारा, वरून कोसळलेला वारा असतो. नुसतं मत पुरेसं नाही, हे मान्य. पण ते तपासण्याची पद्धत फार पूर्वी सापडलेली आहे, आणि ती सापडली कशी ही गोष्ट या विषयातली सगळ्यात विलक्षण आहे.

तेत्सुया फुजिता हा जपानच्या क्यूशू बेटावर शिकवणारा तरुण प्राध्यापक. १९४५च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या अणुबाँबचं ठरलेलं लक्ष्य होतं कोकुरा, त्याच्या कॉलेजच्या शेजारचं शहर. त्या सकाळी कोकुरा दिसलं नाही म्हणून विमान नागासाकीकडे वळलं आणि फुजिता वाचला. काही आठवड्यांनी तो नागासाकी आणि हिरोशिमाला पाहणीसाठी गेला. तिथे त्यानं पाहिलं की स्फोटाच्या बरोबर खालची झाडं उभी होरपळली आहेत आणि भोवतालची सगळी झाडं केंद्रापासून बाहेरच्या दिशेनं आडवी पडली आहेत. पुढे तो शिकागो विद्यापीठात गेला. टॉर्नेडोची तीव्रता नुकसानीवरून ठरवणारी फुजिता मोजपट्टी त्यानं १९७१मध्ये मांडली. ३-४ एप्रिल १९७४ला अमेरिकेत दीड दिवसाच्या आत १४८ टॉर्नेडो झाले. त्यांचे माग विमानातून न्याहाळताना वेस्ट व्हर्जिनियात एका जंगलात त्याला पुन्हा तीच नागासाकीची नक्षी दिसली: झाडं वर्तुळात गुंडाळलेली नव्हती, एका बिंदूपासून बाहेर फाकलेली होती. टॉर्नेडो आजूबाजूची हवा आत ओढतो, म्हणून झाडं आतल्या अंगाला वळून पडतात. इथे उलट होतं. ढगातून वारा खाली कोसळतो आणि जमिनीवर फाकतो, हे त्यानं त्यावरून ओळखलं. बऱ्याच सहकाऱ्यांना ते पटलं नाही. पण १९७५मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना पडलेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानाचा अभ्यास त्यानं याच तर्कानं केला. पुढे विमानतळांवर अशा वाऱ्याची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभी राहिली ती या कामातून.

आपल्याकडे ३१ ऑगस्ट २०२४ला तेलंगणात मुलुगू जिल्ह्याच्या जंगलात पन्नास हजारांच्या आसपास झाडं एका फटक्यात पडली, तेव्हाही प्रश्न हाच होता: टॉर्नेडो की डाउनबर्स्ट? उत्तर आकाशात नव्हतं, पडलेल्या बुंध्यांच्या दिशेत होतं.

आता केळीची बाग पाहा. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लावलेल्या केळीत हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात, आखलेल्या चौकटीत, एकाच वयाची, एकाच उंचीची. केळी वृक्ष नाहीच; पानांच्या आवरणांचा पाण्यानं भरलेला खांब, वर वीस-पंचवीस किलोचा घड, मुळं वरच्या फूट-दीड फुटात. मृग बागेची लागण जून-जुलैची, म्हणजे पुढच्या मे-जूनमध्ये, वाऱ्याच्या ऐन हंगामात, बागेवर घड लटकलेले असतात. वाऱ्याची दिशा टिपायला याहून चोख यंत्र कुठल्याही वेधशाळेनं पेरलं नसतं. जळगाव जिल्ह्यात केळीखाली सुमारे पन्नास हजार हेक्टर आहे. ‘जळगाव केळी’ला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वादळाच्या अभ्यासात या बागांना अजून काहीच मान नाही. सगळी झाडं पूर्वेकडे निजली आहेत की पंख्यासारखी फाकली आहेत, हे कुणी नकाशावर उतरवत नाही.

यंत्रं अजिबात नाहीत असं नव्हे. राज्यानं ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. राज्यभर ती दोन हजारांच्या वर आहेत. जळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर आणि मंडळं ऐंशीच्या वर, म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सरासरी सव्वाशे-दीडशे चौरस किलोमीटर. पावसासाठी ही जाळी बऱ्यापैकी आहे. वाऱ्यासाठी नाही. फुजितानं ज्याला मायक्रोबर्स्ट म्हटलं, तो चार किलोमीटरपेक्षा अरुंद असतो आणि त्याचा जोर काही मिनिटांचा. केंद्राच्या शेजारच्या शिवारातून तो गेला तरी केंद्रावर झुळूक नोंदली जाईल. रडारची कथा आणखी वेगळी. हवामान खात्याची रडारं असलेल्या मुंबई आणि नागपूर या दोन्ही शहरांपासून जळगाव हवाई अंतरानं साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण दूर जाईल तसा जमिनीपासून वर उठतो; तीनशे किलोमीटरवर तो सात-आठ किलोमीटर उंचीवरून जातो. त्याला ढगाचा माथा दिसतो, केळीच्या उंचीवरचं काही दिसत नाही.

गंमत म्हणजे वारा सतत, बारकाईनं मोजणारी जागा धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर देशातल्या मोठ्या पवनचक्की प्रकल्पांपैकी एक उभा आहे. प्रत्येक चक्कीच्या डोक्यावर वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारं उपकरण असतं, कारण वीज त्यावरच ठरते. ती आकडेवारी धंद्याच्या कामाची असते. पठारावर साठ-सत्तर मीटर उंचीवर मोजलेला वारा खालच्या शिवाराला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही खरं. तरी वादळाची कड कुठून कुठे किती वेळात सरकली हे सांगायला ती पुरेल.

मोजमाप नसण्याची किंमत मदतीच्या निकषांत दिसते. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे, टोळधाडीसारखा कीडहल्ला आहे. गडगडाटी वादळातला नुसता वारा नाही. अवेळी पाऊस आणि वीज यांना राज्यानं आपल्या अधिकारात आपत्ती मानलं. मग पाऊस न आणता आलेल्या वाऱ्याला बसवायचं कुठे, हे बऱ्याचदा पंचनामा लिहिणाऱ्याच्या समंजसपणावर राहतं. रक्कम तर बोलायलाच नको. २०२२ पासूनच्या केंद्रीय निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये आहेत. ४,४४४ झाडांनी भागलं तर झाडामागे पाच रुपये. ऊतिसंवर्धित रोपच त्याच्या दुपटीहून महाग पडतं. राज्य कधी कधी स्वतःची भर घालतं, तरी वर्षाचा खर्च त्यातून निघत नाही.

हवामानावर आधारित फळपीक विमा हा त्यावरचा खरा आधार, आणि केळीसाठी त्यात ताशी चाळीस किलोमीटर वा अधिक वेगाच्या वाऱ्याची अट आहे. नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायचं, मग पाहणी. चाळीसचा आकडा हवेतून आलेला नाही: हवामान खातंही वाऱ्याचा वेग अचानक वाढून चाळीसवर गेला आणि किमान एक मिनिट टिकला की त्याला वादळी झोत मानतं. पण तो आकडा सिद्ध कोण करणार? शेतात वायुमापक नाही, मंडळाचं केंद्र दहा किलोमीटरवर. आणि फेरी चार दिवसांची असेल तर ७२ तास कुठल्या दिवसापासून मोजायचे? पहिल्या दिवशी पंधरा टक्के बाग गेली, तिसऱ्या दिवशी आणखी चाळीस. वीज नाही, मोबाइलची बॅटरी संपलेली, महावितरणचे खांब आडवे. वीज नसली की ठिबक बंद, आणि ४४ अंशांत उरलेली उभी बागही सुकू लागते. हे दुय्यम नुकसान कुठल्याच रकान्यात नाही.

शेतकऱ्याच्या हातातले उपाय जुने आणि बऱ्यापैकी सिद्ध आहेत. बागेच्या कडेनं, विशेषतः पश्चिम-दक्षिण बाजूला, शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ. ती लू अडवते आणि वाऱ्याचा जोरही मोडते. निसवलेल्या झाडांना बांबूचे टेकू किंवा पट्ट्यांनी एकमेकांना बांधणं. यातला प्रत्येक उपाय चाळीस-पन्नासच्या वाऱ्याला पुरतो, ऐंशी-नव्वदच्या वाऱ्याला पुरत नाही. आणि आपल्याकडे कुठला वारा किती वेळा येतो हे ठाऊक नसल्यामुळे टेकूवर किती खर्च करणं शहाणपणाचं, हा हिशेब अंदाजानंच होतो. बाग पडल्यावर कच्चा माल एकदम बाजारात येतो आणि भाव बसतो. ज्याची बाग वाचली त्यालाही मग वादळाचा फटका बसतोच.

हवामानबदलानं ही वादळं वाढली का? गारा आणि वाऱ्याच्या जुन्या नोंदी इतक्या तुटपुंज्या की त्यांवरून खान्देशापुरतं ठाम विधान करणं मला धाडसाचं वाटतं. मात्र एक अभ्यास दखल घेण्याजोगा आहे: रीडिंग विद्यापीठातले कीरन हंट यांनी २०२४मध्ये दाखवलं की पश्चिमी झंझावातांचा हंगाम उन्हाळ्यात लांबत चालला आहे, जूनमधले झंझावात गेल्या वीस वर्षांत आधीच्या पन्नास वर्षांच्या तुलनेत दुप्पट झाले. वरची थंड हवा आणि खालचं तापलेलं खोरं यांची गाठ जर मे-जूनमध्येही पडू लागली, तर वर सांगितलेले दोन हंगाम एकमेकांत शिरतील.

इशारे सुधारले आहेत. तीन तासांचा ताजा अंदाज येतो, विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप आहे. पण इशारा ‘जळगाव जिल्ह्यात तुरळक ठिकाणी’ असा येतो, आणि चोपड्यापासून मुक्ताईनगरपर्यंत कुणालाही ते तुरळक ठिकाण आपलंच असेल असं वाटत नाही.

नोंदींचं काम त्या मानानं स्वस्त आहे. ड्रोन आता तालुक्यागणिक भाड्यानं मिळतात, फवारणीसाठी त्यांची सवयही झाली आहे. जळगावचं केळी संशोधन केंद्र, कृषी विभाग आणि विद्यापीठाचा भूगोल विभाग यांनी ठरवलं तर पुढच्या फेरीनंतर चार-पाच शिवारांचे वरून फोटो घेऊन पडलेल्या झाडांच्या दिशा आखणं आठवड्याभराचं काम आहे. पंचनाम्याच्या नमुन्यात ‘झाडं कुठल्या दिशेला पडली’ आणि ‘मोडली की उपटली’ एवढे दोन रकाने वाढवले तरी पहिल्याच वर्षी नकाशा उभा राहील. घाई मात्र हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेतकरी मजूर लावून खोडं बांधावर टाकू लागतो, कारण खाली वाढणारे पील वाचवायचे असतात. ते वाचले तरच पिलबाग धरता येते.